पिशव्या, हातविणीच्या

सूत, लोकर, सुतळी, वाख किंवा प्लॅस्टिकची वायर यांसारखा धागा सुया, आकडा अथवा नुसती बोटे यांच्या साहाय्याने फाशांत वा गाठींत गुंफून तयार केलेल्या पिशव्या. कापड बेतून शिवलेल्या पिशवीहून या पिशवीचा मूलभूत वेगळेपणा असा, की येथे वस्त्र व वस्तू एकाच क्रियेत सिद्ध होतात. त्यामुळे रुंदी, खोली, तळाचा आकार आणि तोंडाची बांधणी यांचा विचार पहिला टाका घालण्यापूर्वीच करावा लागतो. हा विचार ज्या लेखी वा आरेखित स्वरूपात मांडलेला असतो, त्यास नमुना म्हणतात. हातमागावर ताणा व बाणा यांनी विणलेल्या कापडाच्या पिशव्यांचा या प्रकारात समावेश होत नाही.

पूर्वपीठिका : धाग्याचे फासे गुंफून सामान वाहण्याचे साधन करण्याची कला जगाच्या अनेक भागांत स्वतंत्रपणे विकसित झालेली दिसते. पापुआ न्यू गिनीतील स्त्रिया ‘बिलुम’ नावाची पिशवी गाठी न मारता केवळ फासे ओवून करतात. तिचा पट्टा डोक्यावर अडकवून शेतमाल, सरपण, तसेच तान्हे मूलही पाठीवर वाहिले जाते. कोलंबिया व व्हेनेझुएला यांच्या सीमाप्रदेशातील वायू जमातीच्या स्त्रियांची ‘मोचिला’ ही क्रोशाने विणलेली खांद्यावरची पिशवी तिच्यावरील भौमितिक आकृत्यांसाठी प्रसिद्ध आहे. सोव्हिएट रशियात टंचाईच्या काळी जवळ बाळगली जाणारी जाळीची पिशवी ‘अवोस्का’ या नावाने ओळखली जाई. ‘कदाचित काही मिळेल’ असा आशय या नावात आहे.

यूरोपात सुयांच्या विणकामाची छापील कृती १६५५ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथात आढळते. क्रोशाचे विणकाम त्यामानाने अलीकडचे असून त्याचा प्रसार एकोणिसाव्या शतकात झाला. आयर्लंडमधील १८४५ नंतरच्या दुष्काळात क्रोशाच्या लेसने अनेक कुटुंबांना आधार दिला. हातविणीचे काम आणि कुटुंबाची तुटपुंजी मिळकत यांचा हा संबंध पुढेही ठिकठिकाणी टिकून राहिला.

महाराष्ट्रात चंची, बटवा, कसा, पडशी, झोळी हे पिशवीचे प्रकार जुने असले, तरी त्यांपैकी बहुतेक शिवलेले असत. फासे व गाठी यांवर आधारलेले काम शेतकरी कुटुंबांत निराळ्या वस्तूंच्या रूपाने चालू होते. दुधदुभते टांगून ठेवण्याचे शिंके, बैलाच्या तोंडाला बांधावयाचे मुसके आणि पाखरे राखण्याची गोफण या वस्तू अंबाडीच्या वा घायपाताच्या वाखापासून वळलेल्या दोरीच्या करीत. हे काम बहुधा पुरुष करीत. सुया व क्रोशा यांचे विणकाम मात्र एकोणिसाव्या शतकात मिशनरी शाळांतील सुईकामाच्या शिक्षणातून मुलींपर्यंत पोहोचले. पुढे पुणे सेवासदनासारख्या (स्थापना १९०९) संस्थांनी स्त्रियांच्या स्वावलंबनाचे साधन म्हणून हस्तव्यवसायांच्या शिक्षणास स्थान दिले. स्त्रियांच्या मासिकांतून विणकामाच्या कृती छापल्या जाऊ लागल्या. प्लॅस्टिकची रंगीत वायर बाजारात आल्यावर तिच्या गाठींची पिशवी शहरी व निमशहरी घरांत परिचयाची झाली.

तंत्रे : (१) दोन सुयांचे विणकाम : यात एका सुईवर घातलेले टाके दुसऱ्या सुईवर ओळीओळीने उतरविले जातात. सुलट व उलट या दोनच टाक्यांच्या अदलाबदलीतून बहुतेक सर्व विणी निघतात. सर्व ओळी सुलट विणल्यास दोन्ही बाजूंनी सारखी, जाड वीण मिळते. एकाआड एक सुलट व उलट टाके घेऊन पुढील ओळीत त्यांची जागा बदलल्यास दाणेदार, कडा न वळणारी वीण तयार होते. पिशवीसाठी या दोन विणी विशेष उपयुक्त असतात. (२) क्रोशाचे विणकाम : यात आकड्यासारखे टोक असलेली एकच सुई वापरतात. साखळी, मुका खांब, अर्धा खांब व खांब हे त्यातील प्रमुख टाके होत. प्रत्येक टाका जागच्या जागी पूर्ण होत असल्याने धागा तुटला तरी वीण सहसा दूरवर उसवत नाही. तळापासून गोलाकार विणत जाता येत असल्यामुळे बाजूच्या शिवणी टळतात. (३) गाठकाम : सुतळी किंवा वायर यांचे ठराविक लांबीचे तुकडे मध्यावर दुमडून त्यांच्या एकमेकांत गाठी मारतात. वायरच्या पिशवीत प्रथम तळ करून घेतात आणि मग त्याच वायरी वर वळवून चारही बाजू चढवितात. येथील नमुना म्हणजे गाठींची मोजणी व रंगांचा क्रम. (४) जाळीकाम : यात मोकळे, चौकोनी वा तिरपे घर ठेवतात. अशी पिशवी रिकामी असताना मुठीत मावते व भरल्यावर पुष्कळ मोठी होते. परंतु धान्य वा बारीक वस्तू तीत राहत नाहीत. [→ क्रोशे विणकाम, भरतकाम].

नमुना : नमुना दोन प्रकारे मांडतात. पहिल्यात प्रत्येक ओळीची कृती शब्दांत दिलेली असते. दुसऱ्यात चौकटींच्या कागदावर एक चौकट म्हणजे एक टाका असे धरून आकृती काढतात. शब्दांतील कृतीसाठी वाचनाचा सराव लागतो, तर चौकटींची आकृती मोजता येणाऱ्या कोणासही उलगडते. याखेरीज तयार विणीकडे पाहून ती ‘उतरवून’ घेण्याची रीत फार प्रचलित आहे. त्यासाठी विणकाम करणाऱ्या स्त्रिया निरनिराळ्या विणींच्या लहान पट्ट्या जपून ठेवतात. अशी पट्टी हाही नमुनाच होय.

कोणत्याही नमुन्याचा पाया दर १० सेंमी.मध्ये येणारे टाके व ओळी यांचे प्रमाण हा असतो. ते धागा, सुईची जाडी आणि हाताची ओढ या तीन गोष्टींवर अवलंबून असते. उदा., १० सेंमी.मध्ये १८ टाके व २४ ओळी येत असतील, तर ३५ सेंमी. रुंद व ४० सेंमी. उंच पिशवीच्या एका बाजूस ६३ टाके, शिवणीचे दोन धरून ६५ टाके आणि ९६ ओळी लागतील. नमुन्याची पुनरावृत्ती आठ टाक्यांची व शेवटी एक टाका अशी असल्यास ६५ टाक्यांत ती बरोबर आठ वेळा बसते. रुंदी एकच सेंमी.ने वाढविली, तर टाके ६७ होतात व शेवटची पुनरावृत्ती अपुरी राहते. म्हणून माप ठरविताना पुनरावृत्तीचा हिशेब आधी करावा लागतो.

हाताची ओढ सैल असून १० सेंमी.मध्ये १६ टाके व २० ओळी येत असल्यास हीच ६५ टाक्यांची व ९६ ओळींची बाजू सुमारे ३९ सेंमी. रुंद व ४८ सेंमी. उंच होते, म्हणजे तिचे क्षेत्र सुमारे एक-तृतीयांशाने वाढते. एका गटातील दहा स्त्रियांनी एकाच नमुन्यावरून केलेल्या दहा पिशव्या दहा मापांच्या होतात, त्याचे कारण बहुधा हेच असते. विणण्यास आरंभ करण्यापूर्वी प्रत्येकीने सुमारे १२ सेंमी.चा चौकोन विणून त्याच्या मधल्या १० सेंमी.तील टाके मोजणे आणि सैल हातास बारीक, घट्ट हातास जाड सुई देणे हा त्यावरील उपाय होय.

भार व ताण : विणलेल्या वस्त्रातील फासे भाराखाली सरळ होतात, त्यामुळे पिशवी लांबते व अरुंद होते. स्वेटरास उपकारक ठरणारी ही लवचिकता पिशवीत दोष ठरते. तो टाळण्यासाठी धाग्याच्या मानाने बारीक सुई वापरून वीण दाट करतात, आतून मांजरपाटाचे वा तत्सम कापडाचे अस्तर लावून भार त्यावर घेतात आणि बंद केवळ तोंडाशी न जोडता दोन्ही बाजूंवरून तळाखालून सलग फिरवितात. लोकर हलकी व उबदार असली, तरी ओझ्याने ताणली जाते. कापसाचे जाड सूत पिशवीस अधिक योग्य असते. ते भिजल्यावरही दुर्बल होत नाही, मात्र वाळण्यास वेळ घेते. तागाची सुतळी ताठ व मजबूत असते, पण सतत ओल लागल्यास कुजते. वायर ओलीने बिघडत नाही, परंतु दीर्घकाळ उन्हात राहिल्यास ठिसूळ होते.

भोर व वेल्हे : पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील भोर व वेल्हे हे तालुके सह्याद्रीच्या रांगांत वसलेले आहेत. भोर ही पंत सचिवांच्या संस्थानाची राजधानी होती. हे संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. वेल्हे तालुक्यास ‘राजगड’ हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला. हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे, वेळवंड खोरे ही या भागाची जुनी नावे नद्यांच्या खोऱ्यांवरून शेतीची विभागणी कशी झाली आहे, हे दर्शवितात. पश्चिमेकडे पाऊस विपुल असून भात, नाचणी व वरी ही मुख्य पिके आहेत. भाटघर (१९२८), पानशेत, वरसगाव इ. धरणांच्या जलाशयांखाली खोऱ्यांतील सपाट जमिनीचा काही भाग गेला. भाताची काढणी आटोपल्यावर, ओलिताची सोय नसलेल्या गावांत शेतीचे काम पुढील पावसाळ्यापर्यंत फारसे उरत नाही. पुरुष मोलमजुरीसाठी वा नोकरीसाठी पुणे-मुंबईकडे जातात आणि घर, गुरे व शेत यांचा भार स्त्रियांवर राहतो.

अशा प्रदेशात सुयांचे वा क्रोशाचे विणकाम पूरक व्यवसाय म्हणून विचारात घेण्याजोगे ठरते. त्यास यंत्र, वीज वा स्वतंत्र जागा लागत नाही. काम कोठेही थांबविता येते व पुन्हा उचलता येते. साहित्य हलके असल्याने एस.टी.ने नेता-आणता येते. पुणे-सातारा महामार्गावरील नसरापूर व कापूरहोळ परिसरातून पुण्याची बाजारपेठ जवळ पडते, तर राजगड व तोरणा या किल्ल्यांवर येणाऱ्या पर्यटकांमुळे काही गिऱ्हाईक जागीच मिळू शकते. मात्र आषाढ-श्रावणात लावणीमुळे हात मोकळे नसतात व हवेतील ओलीने सूत, सुतळी यांना बुरशी धरते. त्यामुळे हे काम मुख्यतः मार्गशीर्ष ते वैशाख या काळाचे ठरते.

पूरक व्यवसायांना लागणारे संघटन बचत गटांतून उभे राहिले. राज्याचे महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ मध्ये स्थापन झाले. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनी (स्थापना १९६२) या संस्थेच्या स्त्रीशक्ती प्रबोधन विभागाने या डोंगराळ पट्ट्यात स्त्रियांचे बचत गट उभे करण्याचे काम केले आहे. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लॅस्टिकच्या हातपिशव्यांवर बंदी घातली. केंद्र शासनाच्या नियमांनुसार ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लॅस्टिक पिशव्यांना मनाई झाली. त्यामुळे टिकाऊ पिशव्यांकडे लक्ष वेधले गेले असले, तरी त्याचा लाभ प्रामुख्याने यंत्रावर शिवलेल्या कापडी पिशव्यांना मिळतो.

श्रम व मोबदला : हातविणीच्या पिशवीचा खरा प्रश्न वेळेचा आहे. वरील उदाहरणातील पिशवीच्या एका बाजूस ६,२४० व दोन्ही बाजूंस १२,४८० टाके होतात. मिनिटास २० ते २५ टाके या गतीने केवळ तेवढ्यासाठी सव्वाआठ ते साडेदहा तास लागतात. बंद, अस्तर व शिवण यांचा वेळ वेगळाच. म्हणजे एका पिशवीत एक पूर्ण दिवसाची मजुरी गुंतलेली असते. पिशवीची किंमत सुताच्या किमतीवर थोडीफार वाढ करून ठरविली, तर हा दिवस हिशेबातून गळून पडतो. फावल्या वेळचे काम या समजुतीमुळे तो गळल्याचे लक्षातही येत नाही.

आंध्र प्रदेशातील नरसापूर येथील क्रोशाची लेस विणणाऱ्या स्त्रियांविषयी मारिआ मीस यांनी केलेला अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. परदेशी बाजारासाठी दीर्घ तास काम करणाऱ्या या स्त्रियांना केवळ गृहिणी मानल्यामुळे त्यांचे श्रम अदृश्य व मोबदला अत्यल्प राहतो, असे त्यात दाखवून दिले आहे. क्रोशाच्या विणीची हुबेहूब नक्कल करणारे यंत्र प्रचारात नाही. त्यामुळे बाजारातील प्रत्येक क्रोशाच्या पिशवीमागे, मग तिची किंमत कितीही कमी असो, कोणाचे तरी हात असतात.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. रोजच्या बाजाराची स्वस्त पिशवी म्हणून हातविणीच्या पिशवीस यंत्राशी स्पर्धा करता येत नाही. विक्रीसाठी ती करावयाची, तर वर्षानुवर्षे टिकणारी, मापाने अचूक व विणीने विशेष अशी वस्तू म्हणूनच करावी लागते. दुसरी गोष्ट नमुन्याविषयीची आहे. धागा व नमुना दोन्ही व्यापाऱ्याकडून येतात, तेथे विणणारी केवळ नगामागे मजुरी घेणारी ठरते. टाके मोजणे, माप बदलणे, पुनरावृत्ती बसविणे आणि लागणाऱ्या तासांचा हिशेब मांडणे जिला येते, ती स्वतःचा नमुना करू शकते व त्याची किंमतही सांगू शकते. म्हणून विणकामाच्या प्रशिक्षणात टाके शिकविण्याइतकेच नमुना वाचण्याच्या व मांडण्याच्या शिक्षणास महत्त्व आहे.