शाळेचा राउटर आणि लहरींची वाटणी

कळंब परिसरातील एखाद्या दोनशिक्षकी शाळेचे उदाहरण घ्यावे. लोकवर्गणीतून राउटर बसविला आहे आणि कोणा दात्याने परदेशातून आणलेले सहा टॅब मुलांच्या हाती आले आहेत. राउटरचा दिवा हिरवा आहे, गुरुजींच्या मोबाइलवर इंटरनेट उत्तम चालते. परंतु त्या सहा टॅबवर शाळेच्या वायफायचे नावच उमटत नाही. टॅब सदोष आले अशी सर्वांची समजूत होते, ते कपाटात ठेवले जातात आणि वर्ष सरते. वस्तुतः अशा प्रसंगी टॅबही निर्दोष असू शकतो आणि राउटरही. दोहोंना वेगवेगळ्या देशांचे नियम शिकविलेले असतात, इतकेच.

हे नियम कोणते, हे समजण्यासाठी प्रथम लहरींची वाटणी ध्यानात घ्यावी लागेल. वायफायचा राउटर हे एक लहानसे बिनतारी प्रक्षेपण केंद्रच होय. आकाशवाणी, पोलिसांची बिनतारी यंत्रणा, विमाने, उपग्रह, हवामान खात्याची रडारे, मोबाइलचे मनोरे या सर्वांना एकाच अवकाशातून लहरी पाठवावयाच्या असतात. म्हणून प्रत्येकाला वारंवारतेचा एकेक पट्टा नेमून दिलेला असतो. भारतात १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्यावाचून बिनतारी यंत्र बाळगण्यास मनाई केली. घरच्या साध्या रेडिओसाठीही एके काळी टपाल कचेरीत परवाना शुल्क भरावे लागे, हे जुन्या शिक्षकांना स्मरत असेल. मग आज कोणीही दुकानातून राउटर आणून परवान्यावाचून लावतो, ते कसे? त्याचे उत्तर असे की, काही थोडे पट्टे केंद्र सरकारने मर्यादित शक्तीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त केले आहेत. २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने असा मोकळा झाला. ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचे पट्टे ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने विस्तृत प्रमाणावर खुले झाले.

पहिल्या पट्ट्याचे तेरा चॅनेल पाडलेले आहेत. पहिल्याचा मध्य २४१२ मेगाहर्ट्झवर, आणि पुढचा प्रत्येक ५ मेगाहर्ट्झ अंतरावर. याप्रमाणे तेराव्याचा मध्य २४७२ वर येतो. भारतात हे तेराही चॅनेल वापरता येतात. अमेरिकेत मात्र सामान्य यंत्रे १ ते ११ एवढेच चॅनेल वापरतात, आणि जपानने जुन्या पद्धतीच्या यंत्रांसाठी चौदावाही दिला होता. आता आरंभीच्या कोड्याचा उलगडा होतो. राउटर आपल्या मनाने १३ व्या चॅनेलवर गेला असेल, तर अमेरिकेच्या बाजारासाठी बनविलेल्या टॅबला तो ऐकूच येणार नाही. राउटरला ११ किंवा त्याखालचा चॅनेल ठरवून दिला की टॅबवर नाव दिसू लागेल. उपाय पाच मिनिटांचा आहे, आणि बिनखर्ची आहे.

तेरा चॅनेल म्हणजे तेरा स्वतंत्र वाटा, असा समज मात्र करून घेऊ नये. चॅनेलचे मध्य ५ मेगाहर्ट्झ अंतरावर असले तरी राउटरचे बोलणे सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा व्यापते. म्हणजे तिसऱ्या चॅनेलवरील राउटर पहिल्याच्याही अंगणात असतो आणि पाचव्याच्याही. एकमेकांत न मिसळणारे चॅनेल नेहमीच्या वापरात तीनच : १, ६ आणि ११.

येथे एक गोष्ट प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. शेजारच्या शेतघराचा राउटर ६ वर असेल, तर आपला ८ वर ठेवण्यापेक्षा तोही ६ वरच ठेवलेला बरा. एका खोलीत दोन इयत्ता बसविणाऱ्या शिक्षकाला याचे कारण सांगावे लागणार नाही. दोन्ही वर्ग एकाच शिक्षकाच्या नजरेखाली असले म्हणजे एक पाढे म्हणतो तेव्हा दुसरा पाटीवर लिहितो. पाळी ठरते, वेळ जातो पण काम होते. मध्ये कुडाची भिंत घालून दोन शिक्षक उभे केले की प्रत्येकास पलीकडचा केवळ गलका ऐकू येतो, पाळी कोणीच पाळत नाही आणि दोन्ही वर्गांचे पाढे चुकतात. राउटरही बोलण्यापूर्वी ऐकतो. त्याच चॅनेलवरील दुसऱ्याचे शब्द त्याला कळतात, म्हणून तो थांबतो. अर्धवट मिसळणाऱ्या चॅनेलवरचा आवाज त्याला निव्वळ गोंगाट भासतो. अर्थात १ किंवा ११ रिकामा असेल तर तोच घ्यावा. राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेलची रुंदी २० व ४० अशी निवडता येते. तेथे २० ठेवावी. ४० केल्यास एकटा राउटर बहुतेक अर्धा पट्टा गिळतो.

५ गिगाहर्ट्झचा पट्टा अधिक मोकळा व वेगवान आहे. पण त्याच्या लहरी जाड भिंतीपलीकडे लवकर क्षीण होतात. एका खोलीपुरता तो उत्तम. या पट्ट्यातील ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ हे चॅनेल मूळचे रडारांच्या परिसरातले. २००३ साली जिनिव्हा येथे भरलेल्या जागतिक परिषदेत, वायफायने तेथे यावे परंतु रडारची चाहूल लागताच जागा सोडावी, असे ठरले. म्हणून असा राउटर सुरू होताना निदान एक मिनिट नुसता ऐकत बसतो आणि रडार आढळल्यास दहा सेकंदांत तो चॅनेल रिकामा करतो. राउटर चालू करूनही वायफाय लगेच दिसत नाही, तेव्हा त्यात बिघाड आहे असे समजून पुनःपुन्हा बटण दाबू नये.

या पथ्यास आपल्या मुलखात विशेष अर्थ आहे. मुंबईत वेरावली येथे जानेवारी २०२२ पासून भारतीय हवामानशास्त्र विभागाचे सी-बँड रडार पाऊस टिपते, आणि अशी हवामान रडारे ५.६ गिगाहर्ट्झच्या जवळपास काम करतात. कर्जत-खालापूरचा मुलूख तेथून दूर नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, त्यानंतर डोंगराखालच्या वाड्यांना पावसाची पूर्वसूचना म्हणजे काय, हे या तालुक्यांत कोणास सांगावयास नको. वायफायमुळे रडार खरोखर बिघडते काय, अशी शंका येईल. २००९ साली प्वेर्तो रिकोमधील सान हुआन येथे तसे घडले : बाहेर उंचावर लावलेल्या ५ गिगाहर्ट्झच्या यंत्रांमुळे विमानतळासाठी असलेल्या हवामान रडारात व्यत्यय आला आणि अमेरिकेच्या दळणवळण आयोगाला कारवाई करावी लागली.

यासाठीच राउटरच्या सेटिंगमधील देशाचे नाव बदलू नये. दुसरा देश निवडला की जास्त चॅनेल आणि जास्त शक्ती मिळते, असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. तो बेकायदा तर आहेच, शिवाय निरुपयोगी आहे. २००५ च्या नियमांनुसार २.४ गिगाहर्ट्झवर प्रक्षेपकाची शक्ती १ वॅटपर्यंत आणि अँटेनासह प्रभावी शक्ती ४ वॅटपर्यंत चालते. घरगुती राउटर सर्वसाधारणपणे दशांश वॅटच्या आसपास असतो. त्याला शक्तिवर्धक जोडून आवाज वाढविला, तरी टॅबचा क्षीण आवाज राउटरपर्यंत पोचावयास हवा, तो काही वाढत नाही. चिन्हाच्या साऱ्या रेघा भरलेल्या दिसतात आणि पान उघडत नाही. त्यापेक्षा राउटर लोखंडी कपाटाआडून काढून वर्गाच्या मध्यभागी, पत्र्यापासून खाली, डोक्याच्या उंचीवर ठेवावा.

राउटरच्या पाठीवरील चिठ्ठीत दिलेला पत्ता ब्राउझरमध्ये लिहिला की सेटिंगचे पान उघडते. तेथे देश 'इंडिया' आहे ना हे पाहून, 'ऑटो' काढून १, ६ किंवा ११ हा चॅनेल निवडावा. आसपास कोण कोणत्या चॅनेलवर आहे हे दाखविणारी विनामूल्य ॲप मोबाइलवर मिळतात. शाळा भरल्यावर आणि संध्याकाळी अशी दोनदा पाहणी करावी. निवडलेला चॅनेल व दिनांक जडसंग्रह नोंदवहीत राउटरच्या नोंदीसमोर लिहून ठेवावा, म्हणजे बदली होऊन येणाऱ्या शिक्षकाला टॅब कपाटात का ठेवले आहेत, हे विचारण्याची वेळ येणार नाही.