प्रयोगशाळेतलं पापलेट आणि मज्जातंतूंचा हिशेब

मुरुड म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला आधी जंजिरा आठवतो. इथे विषय आहे तो दापोली तालुक्यातल्या मुरुडचा, महर्षी धोंडो केशव कर्व्यांच्या गावाचा. नारळी-पोफळीच्या वाड्या, दुर्गादेवीचं देऊळ, समोर लांबलचक पुळण, आणि उत्तरेला जवळच हर्णै बंदर, जिथे सुवर्णदुर्गासमोरच्या वाळूत माशांचा लिलाव होतो. या एवढ्याशा पट्टीत दोन ताटं पिढ्यानपिढ्या शेजारी मांडली गेली आहेत. एकात वरण-भात, कुळथाची पिठी आणि ताक. दुसऱ्यात, म्हणजे कोळी, खारवी, दालदी घरांत, बांगडा, तारली, मांदेली, आणि जून-जुलैच्या मासेमारीबंदीत सुकट नाहीतर जवळा. आता तिसरं ताट येऊ घातलं आहे. जानेवारी २०२४ मध्ये कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने ‘नीट मीट बायोटेक’ या कंपनीशी करार केला. माशाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि त्यांपासून खाता येईल असं मासळीचं मांस तयार करायचं, असं त्याचं स्वरूप. पहिल्या निवडीत पापलेट आणि सुरमई आहेत, म्हणजे हर्णैच्या लिलावात ज्यांच्यावर सगळ्यांची नजर असते तेच मासे.

या तंत्राची कथा आता पुष्कळांना ठाऊक आहे. डच शास्त्रज्ञ मार्क पोस्ट यांनी ऑगस्ट २०१३ मध्ये लंडनला गाईच्या पेशींपासून वाढवलेल्या मांसाचा पहिला बर्गर तळून दाखवला. त्यासाठी अडीच लाख युरो खर्च आला होता. डिसेंबर २०२० मध्ये सिंगापूरने पेशीजन्य कोंबडीला विक्रीची परवानगी दिली, जून २०२३ मध्ये अमेरिकेने, आणि २०२५ मध्ये तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने पेशीजन्य सामन माशालाही हरकत नसल्याचं कळवलं. इटलीने मात्र २०२३ मध्ये असल्या मांसावर बंदीच घातली. आपल्याकडे हैदराबादची पेशीय व रेणवीय जीवशास्त्र संस्था आणि तिथलंच राष्ट्रीय मांस संशोधन केंद्र यांना २०१९ मध्ये केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने यासाठी पैसे दिले. त्याच वर्षी मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेने ‘गुड फूड इन्स्टिट्यूट इंडिया’बरोबर या विषयाच्या संशोधन केंद्रासाठी करार केला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या ‘बायोई३’ धोरणात पर्यायी प्रथिनं हा एक मुख्य विषय आहे. थोडक्यात, हे लांबचं स्वप्न राहिलेलं नाही.

यावर वाद होतात ते तीन-चार ठरलेल्या मुद्द्यांवर. हे मांस शाकाहारी समजायचं की नाही, चव जमेल का, भाव कधी उतरेल, मच्छीमाराच्या पोटावर पाय येईल का. प्रश्न सगळे खरे आहेत. पण एक प्रश्न मागे राहतो, आणि माझ्या मते तो सगळ्यांच्या आधी यायला हवा: हे अन्न रोजचं झालं, तर खाणाऱ्याच्या मेंदूचं आणि मज्जातंतूंचं काय होईल? स्नायू प्रथिनावर वाढतात, त्यामुळे प्रथिनाचे ग्रॅम मोजून पैलवानाचं भागतं. मज्जासंस्थेचं तेवढ्यावर भागत नाही. आणि नव्या प्रथिनाची जाहिरात मात्र ग्रॅमांतच होते.

माशाच्या मांसात मेंदूच्या उपयोगाच्या म्हणून ज्या दोन गोष्टी प्रामुख्याने सांगितल्या जातात, त्यांतली एकही मासा मुळात स्वतः घडवत नाही. पहिली ब-१२ जीवनसत्त्व. ते फक्त काही जिवाणू आणि आदिजिवाणू बनवतात. प्राणी, वनस्पती, बुरशी यांपैकी कुणालाही ते जमत नाही. माशाला ते अन्नसाखळीतून आणि आतड्यातल्या जिवाणूंकडून मिळतं. दुसरी गोष्ट डीएचए हे ओमेगा-३ मेदाम्ल. मेंदूच्या पेशींच्या पटलात आणि डोळ्याच्या पडद्यात ते भरपूर असतं. समुद्रात ते तयार करतात सूक्ष्म शैवाल. शैवाल प्लवक खातात, प्लवक तारली खाते, तारली सुरमई खाते. बांगड्याच्या आमटीतला मेंदूला हवा असलेला अंश म्हणजे अख्ख्या समुद्राची साठवण आहे. पोलादी टाकीत वाढणाऱ्या पेशीच्या मागे हा समुद्र नसतो. तिला मिळतं ते द्रवमाध्यमातलं ग्लुकोज, अमिनो आम्लं, क्षार, वाढीचे घटक, आणि उत्पादकाने मुद्दाम घातलं तरच ब-१२ आणि डीएचए. पेशी पापलेटाची आहे म्हणून तिच्यात पापलेटाचं सगळं असेल, हा समज चुकीचा आहे. ती पापलेटासारखी दिसेल, शिजेल, कदाचित लागेलही. तिच्यात काय असेल ते टाकीत काय ओतलं यावर ठरेल.

हे ऐकून कुणाला फार नवीन वाटायचं कारण नाही, कारण याचा एक साधा नमुना रत्नागिरीतच आहे. तिथली गद्रे मरीन ही कंपनी सुरिमीच्या धंद्यात देशात अग्रेसर आहे. सुरिमी म्हणजे माशाचा धुतलेला लगदा. त्यापासून खेकड्याच्या मांसासारख्या दिसणाऱ्या कांड्या तयार होतात आणि परदेशात आवडीने खाल्ल्या जातात. धंदा सचोटीचा आहे, मालावर काय आहे ते लिहिलेलंही असतं. पण लगदा पुन्हापुन्हा धुताना मेद आणि पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं वाहून जातात, आणि कांडीतलं ब-१२ खऱ्या खेकड्याच्या मानाने फारच कमी राहतं. प्रथिन शिल्लक राहतं, आकार आणि चव वरून देता येते. अधूनमधून खाणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. मासळीच्या जागी तेच आलं, तर पडेल.

ब-१२ कमी पडलं की काय होतं हे महाराष्ट्रात जितकं तपासलं गेलं आहे तितकं देशात क्वचितच कुठे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांची तपासणी करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतल्या ६७ टक्क्यांच्या रक्तात ब-१२ कमी होतं, आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के निघालं. खेड्यातल्या आणि झोपडपट्टीतल्या माणसांपेक्षा ज्यांना पैशाची चणचण कमी, त्यांचीच अवस्था वाईट. याच गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा दीर्घ अभ्यास केला. गरोदरपणात ज्यांचं ब-१२ कमी होतं, त्यांची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर लक्ष टिकवण्याच्या आणि आकडे लक्षात ठेवण्याच्या चाचण्यांत मागे पडलेली आढळली, असं २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. एका अभ्यासातून कार्यकारणाचा निवाडा होत नाही हे मान्य. पण तीव्र कमतरतेत मज्जातंतूंवरचं आवरण झिजतं, हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, स्मृती ढासळते, याबद्दल वैद्यकात दुमत नाही. आणि हे झिजणं इतकं सावकाश होतं की ताटात काय कमी आहे हे वर्षानुवर्षं कळतच नाही.

आता यावरचा पहिला आक्षेप. पेशीजन्य मासळी कुणी रोज, तीच एक, खाणार आहे का? ती महागडी, हौसेची वस्तू. तिच्यावर एवढी पोषणाची जबाबदारी कशाला? याचं उत्तर विदर्भात मिळतं. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या धानपट्ट्यात उभ्या धानातच लाखोळी, म्हणजे लाख ही डाळ, फेकायची जुनी रीत आहे. धान कापल्यावर उरलेल्या ओलीवर ती येते, न खत न पाणी. दुष्काळात सगळं करपतं, लाख तगते. डाळीत प्रथिन भरपूर, भाव कमी. आजच्या भाषेत ती आदर्श पर्यायी प्रथिन ठरली असती. पण तिच्यात ओडीएपी नावाचं एक अमिनो आम्ल असतं, जे चेतापेशींना गरजेबाहेर उत्तेजित करून मारतं. महिनोन्महिने लाख हेच मुख्य अन्न झालं की पाय ताठरतात, माणूस काठीवर येतो, पुढे सरपटतो. आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. १८३० च्या आसपास आजच्या मध्य प्रदेशातल्या सागर भागात गहू बुडाला आणि लाखच खायची वेळ आली, तेव्हा गावोगावचे तरुण असे पांगळे झाल्याचं इंग्रज अधिकारी स्लीमन याने लिहून ठेवलं आहे. पुढे रीवा भागात वेठबिगारांना मजुरी म्हणून हीच डाळ मिळे, आणि पांगळेपण त्यांच्याच वाट्याला येई. जमीनदारही लाख खात होता, पण त्याच्या ताटात इतरही पुष्कळ काही होतं.

लाखोळीची दुसरी बाजू फार कमी सांगितली जाते. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्राने २००८ मध्ये ती उठवली. नागपूरच्या डॉ. शांतीलाल कोठारी यांनी बंदीविरुद्ध वर्षानुवर्षं आंदोलन केलं, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं: थोडी लाख, भिजवून, उकळून पाणी फेकून, इतर धान्याबरोबर खाल्ली तर सहसा कुणी पांगळं होत नाही. रायपूरच्या कृषी विद्यापीठाने कमी विषाचे वाणही काढले. बंदी घालणाऱ्यांनी दाण्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं नाही. मात्र माझ्या दृष्टीने त्यातून निघणारा धडा दोन्ही बाजूंना लागू पडतो. प्रथिन स्वस्त झालं की ते गरिबाच्या ताटात पाहुणा म्हणून येत नाही, ताटच व्यापतं. शिवाय आपलं सरकारही अन्न मोजतं ते उष्मांक आणि प्रथिनाच्या ग्रॅमांत. शाळेतल्या पोषण आहाराचा निकष प्राथमिकला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिन, उच्च प्राथमिकला ७०० आणि २० ग्रॅम. आजचं महाग पेशीजन्य प्रथिन दहा-वीस वर्षांत स्वस्त झालं, तर या निकषात ते अगदी चपखल बसेल. तेव्हा ब-१२ आणि डीएचए कुणी विचारणार नाही, कारण निकषात ते लिहिलेलेच नसतील.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. समुद्रातला मासा तरी कुठे निर्मळ उरला आहे? जपानमधल्या मिनामाता इथे चिस्सो कंपनीने खाडीत सोडलेल्या पाऱ्यामुळे मासे विषारी झाले. १९५६ मध्ये त्या रोगाची अधिकृत नोंद झाली, आणि आईच्या पोटातल्या बाळांचेही मेंदू त्यात कायमचे बिघडले. टाकीतल्या पेशीला पारा चिकटत नाही, प्लॅस्टिकचे कण कमी. हा फायदा खरा आहे आणि मोठ्या शिकारी माशांच्या बाबतीत, मुशीच्या किंवा मोठ्या सुरमईच्या बाबतीत, तो मोलाचाही ठरेल. परंतु पारा साठतो तो मोठ्या, दीर्घायुषी, इतर मासे खाणाऱ्या माशांत. तारली, बांगडा, मांदेली ही अल्पायुषी मासळी. तिच्यात तो कमी आणि डीएचए मात्र भरपूर. किनाऱ्यावरच्या गरिबाच्या ताटातली मासळी पोषणाच्या हिशेबाने श्रीमंताच्या पापलेटापेक्षा सरस निघते, हे जरा गमतीचंच आहे.

मग गोळी का नको, असं कुणी म्हणेल. ब-१२ पुरतं हे म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. शाकाहारी माणसाने ब-१२ साठी पेशीजन्य मांसाची वाट पाहू नये. गोळी स्वस्त आहे, आणि पोषणयुक्त तांदळातही लोह आणि फॉलिक आम्लाबरोबर ते घातलेलं असतं. डीएचएचं गणित इतकं सरळ नाही. शिकागोतल्या ८१५ वृद्धांच्या अभ्यासात आठवड्यातून एकदा तरी मासे खाणाऱ्यांत अल्झायमरचं प्रमाण सुमारे ६० टक्के कमी दिसलं, असं २००३ मध्ये मार्था क्लेअर मॉरिस यांनी मांडलं. पण २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अल्झायमर झालेल्यांना डीएचएच्या गोळ्या देऊन स्मृतीची घसरण थांबली नाही. मासे खाणाऱ्यांना लाभ होतो तो नेमका कशाने, माशातल्या कुठल्या घटकाने की त्यांच्या एकंदर राहणीने, हे सुटलेलं नाही. म्हणूनच ‘मेंदूसाठी उत्तम’ असा शिक्का कुठल्याही नव्या मासळीवर मारणं आज अप्रामाणिकपणाचं होईल. ब-१२ आणि डीएचए घालणं ही किमान अट झाली, खात्री नव्हे.

भीतीच्या बाजूनेही अतिशयोक्ती चालते. वेड्या गाईंचा रोग माणसात आल्याचं ब्रिटनने १९९६ मध्ये मान्य केलं, तेव्हापासून गोवंशाच्या रक्तद्रवावर वाढवलेल्या पेशींबद्दल धास्ती आहे. तो रोग पसरला गुरांना गुरांचेच अवशेष खाऊ घातल्याने. रक्तद्रव रोगमुक्त देशांतून घेता येतो, आणि सिंगापूरने २०२३ मध्ये त्याविना वाढवलेल्या मांसालाही मान्यता दिली आहे. वाढीचे घटक प्रथिनंच असतात, पोटात इतर प्रथिनांसारखे पचतात. यातले काही घटक तर पार्किन्सनच्या संशोधनासाठी चेतापेशी वाढवतानाही वापरतात. तपासणी हवी, घबराट नको.

तपासणी कुठे करायची हाही प्रश्न नाही. रत्नागिरीजवळ शिरगावला कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीत विद्यापीठ स्वतः आहे. समुद्रातला मासा आणि टाकीतला मासा शेजारी ठेवून दर शंभर ग्रॅममागे ब-१२, डीएचए, सेलेनियम, आयोडीन मोजणं आणि ते आकडे वेष्टनावर छापायला लावणं, हे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने परवानगीच्या आधीच करून घ्यावं. आणखी एक. पापलेट आणि सुरमई आधी निवडले गेले ते भावामुळे, हे समजण्याजोगं आहे. कंपनीला पैसे परत हवेत. पण ‘बायोई३’सारख्या धोरणातून पैसा सार्वजनिक तिजोरीतून जाणार असेल, तर बांगडा आणि तारलीच्या पेशींवरचं काम पहिल्याच टप्प्यात मागून घ्यायला काय हरकत आहे?