वाळूवरचा धंदा कोणाच्या परवानगीने?
हक्काची जागा : लेखांक ६

शहरातली फेरीवाला क्षेत्रे आणि ना-फेरीवाला क्षेत्रे कशी ठरतात, ते मागच्या लेखांकात पाहिले. पदपथ संपून बागेचे फाटक किंवा समुद्राची वाळू लागली की मात्र सगळा हिशेब बदलतो. शेंगदाणे तेच, विकणाराही तोच. पायाखालच्या जमिनीचा मालक वेगळा असतो.

सुरुवात कायद्यापासून करू. २०१४ च्या पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियमात पथविक्रेत्याची व्याख्या कलम २ मध्ये दिली आहे. रस्ता, गल्ली, पदपथ यांच्या जोडीला तिथे सार्वजनिक उद्यानाचा स्पष्ट उल्लेख आहे आणि त्यापुढे इतर कोणत्याही सार्वजनिक जागेचा. किनारा नावानिशी आलेला नसला तरी या शेवटच्या शब्दांत तो सामावतो. एका जागी गाडी लावणारा आणि डोक्यावर पाटी घेऊन फिरणारा, दोघांनाही कायदा पथविक्रेताच मानतो. तेव्हा बागेत फुगे विकणाऱ्याला ‘हा कायदा रस्त्यापुरता आहे’ असे सांगून कोणी हुसकावत असेल, तर ते साफ चूक आहे.

प्रमाणपत्र मिळण्याची रीत सर्वत्र एकच. दर पाच वर्षांनी किमान एकदा सर्वेक्षण, त्यात आढळलेल्यांना विक्री प्रमाणपत्र, आणि एकूण संख्येला लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांची मर्यादा. हे सारे नगर पथविक्रेता समितीच्या देखरेखीखाली चालते. समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात. प्रमाणपत्र भाड्याने देता येत नाही आणि दुसऱ्याच्या नावावरही करता येत नाही. धारकाचा मृत्यू झाला, त्याला कायमचे अपंगत्व आले किंवा तो आजारी पडला तरच ते पती, पत्नी किंवा अवलंबून असलेल्या अपत्याकडे जाते. मुंबईत २०१४ मध्ये सर्वेक्षण झाले, पण समितीवरच्या विक्रेता प्रतिनिधींच्या निवडणुकीला ऑगस्ट २०२४ उजाडला. ज्यांच्या पोटाचा प्रश्न आहे त्यांना दहा वर्षे थांबायला लावणे मला अक्षम्य वाटते.

बागेचे त्या मानाने सोपे. जमीन बहुधा महापालिकेची किंवा नगरपालिकेची, आणि समितीही त्याच पालिकेची. आत विक्री चालेल की फक्त फाटकाबाहेर, एवढेच ठरायचे असते. वाळूवर मात्र एकाच पट्ट्याशी अनेक खात्यांचा संबंध येतो. जमीन सरकारी, म्हणून जिल्हाधिकारी. साफसफाई पालिकेकडे. बंदराच्या हद्दीत महाराष्ट्र सागरी मंडळ. शिवाय भरती-ओहोटीच्या रेषांमधला पट्टा किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेखाली येतो, त्यामुळे तिथे विक्रीसाठी काहीही पक्के बांधता येत नाही. २०१९ च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यांवर पर्यटकांसाठी तात्पुरत्या सुविधांना वाट दिली आहे, पण भरतीच्या रेषेपासून किमान दहा मीटर अंतर सोडून.

याच वाटेने शॅक, म्हणजे किनाऱ्यावरचे तात्पुरते खाण्यापिण्याचे मांडव, आले. महाराष्ट्राने २०२० मध्ये धोरण मंजूर केले आणि आठ किनारे निवडले : वरसोली, दिवेआगर, गुहागर, आरे-वारे, कुणकेश्वर, तारकर्ली, केळवे आणि बोर्डी. एका किनाऱ्यावर जास्तीत जास्त दहा शॅक, मुदत तीन वर्षांची. गोव्यात ही पद्धत जुनी. तिथे स्थानिकांना सोडतीने जागा मिळते, शॅक सप्टेंबरनंतर उभे राहतात आणि मे संपता संपता ते उतरवावेच लागतात.

शॅकवाल्याकडे निदान वाटपाचा कागद असतो. त्याच्या खुर्च्यांमधून मोत्यांच्या माळा, दुपट्टे घेऊन फिरणारी लमाणी बाई, मक्याची कणसे भाजणारा, शहाळेवाला यांचे काय? गोव्यात पर्यटन स्थळांच्या संरक्षणासाठी २००१ चा राज्य कायदा आहे. त्याखाली किनाऱ्यावर विनापरवाना फिरून माल विकणे उपद्रवात मोडते आणि दंड होतो. कोकणातली अडचण निराळी, आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. २०१४ चा कायदा ज्यांना स्थानिक प्राधिकरण म्हणतो त्यांत महापालिका, नगरपरिषद, नगरपंचायत, कटक मंडळ येतात. ग्रामपंचायतीचा त्यात उल्लेख नाही. दिवेआगर, तारकर्ली, बोर्डी इथे कारभार ग्रामपंचायतीचा. म्हणजे सर्वेक्षण करायला समितीच नाही, आणि समिती नाही म्हणून प्रमाणपत्रही नाही. पर्यटक वाढले की किनाऱ्यावरच्या विक्रेत्याला ग्रामपंचायतीच्या मर्जीवर आणि शॅकवाल्याच्या चांगुलपणावर दिवस काढावे लागतात. राज्य सरकारने मनात आणले तर किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींसाठी अशीच समिती नेमणे अवघड नाही, आणि ते शॅकची पुढची वाटपे होण्याआधी झाले पाहिजे.

मुंबईच्या चौपाट्यांसाठी तर कायद्यात आणखी एक आधार आहे. पन्नास वर्षांहून जुना नैसर्गिक बाजार, म्हणजे विक्रेते आणि ग्राहक पूर्वापार जमत आले अशी जागा, वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असे कायद्याच्या परिशिष्टात म्हटले आहे. गिरगाव आणि जुहूची भेळ याहून कितीतरी जुनी. तिथल्या विक्रेत्यांनी ही मागणी लेखी लावून धरावी, असे मला मनापासून वाटते.

आता जप्तीविषयी, कारण वाळूवर ती जास्त महागात पडते. पदपथावरचा विक्रेता चादरीची चार टोके आवळून निघून जाऊ शकतो. गोळेवाल्याच्या गाडीची चाके वाळूत रुततात. बर्फाची लादी, रंधा, सरबताच्या बाटल्या यांसह ती ढकलायला दोन माणसे लागतात, तोवर अतिक्रमण विभागाचा ट्रक येऊन उभा राहतो. अशा वेळी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही हटवता येत नाही (कलम ३). हटवायचे किंवा स्थलांतर करायचे तर तीस दिवसांची नोटीस लागते (कलम १८). आणि माल उचललाच, तर त्याची यादी जागेवरच मागून घ्यावी. ती देणे बंधनकारक आहे. शुल्क भरून मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा कामकाजाच्या दोन दिवसांत परत मिळाला पाहिजे (कलम १९). दंडाची पावती फेकू नये. आपण त्या जागी किती वर्षे धंदा करतो आहोत, हे सर्वेक्षणाच्या वेळी दाखवायला ती उपयोगी पडते.

पुढील लेखांकात : खाद्यपदार्थ विकणाऱ्यांची अन्न सुरक्षा नोंदणी.