संगणकाचें बिनतारी कार्ड चालेनासें झाल्यास

सातबाराचा उतारा काढणें, बाजारसमितीचे भाव पाहणें, पीकविम्याचा अर्ज भरणें, हीं कामें आतां पुष्कळ शेतकरी घरच्या टेबलावरील संगणकावरच करतात. भिंतींतून तार ओढण्याचा खटाटोप नको म्हणून अशा संगणकांत बिनतारी कार्ड बसविलेलें असतें. अर्जाच्या नेमक्या शेवटच्या दिवशीं तें बंद पडलें म्हणजे मालक गांगरून जातो, आणि दुरुस्ती करणारा 'कार्ड जळालें' असें म्हणाला कीं निमूटपणें नव्याचे पैसे मोजतो.

पंपाचें पाणी वाफ्यापर्यंत आलें नाहीं, तर कोणीहि लागलीच पंप उचलून बाहेर काढीत नाहीं. वीज आहे कीं नाहीं, फूटव्हाल्व्ह धरतो कीं नाहीं, पाइप कोठें निखळला काय, हें आपण ओळीनें पाहतों. संगणकाच्या बाबतींतहि हाच क्रम ठेवावा, असें आम्ही सुचवितों.

(१) दोष कोणाकडे आहे? संगणकाजवळ उभें राहून मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद करावा व घरच्या वायफायवर एखादें पान उघडून पाहावें. तेंहि उघडलें नाहीं, तर दोष राउटरचा किंवा बाहेरून येणाऱ्या लाइनीचा समजावा. राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हां चालू करावा. मोबाइलवर पान उघडलें, तरच संगणकाकडे वळावें.

(२) अँटेना. हिच्याकडे फार दुर्लक्ष होतें. कार्ड पेटीच्या मागील बाजूस असतें. पेटी पत्र्याची असते, आणि आपण ती टेबलाखालीं भिंतीला टेकवून ठेवतों. मग पत्रा व जाड दगडी भिंत यांतून लहरी पोंचाव्या कशा? पेटी वीतभर पुढें ओढावी. मागील अँटेना फिरकीनें बसतात. त्या हातानें घट्ट कराव्या. कांहीं घरीं तर त्या खोक्यांतच राहून गेलेल्या असतात. लहरींचे दोन सामान्य पट्टे आहेत: २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतींतून अधिक दूर जातो, ५ गिगाहर्ट्झचा वेगवान असला तरी लवकर क्षीण होतो. जुन्या कार्डाला केवळ पहिलाच कळत असेल व राउटर केवळ दुसराच सोडीत असेल, तर घरच्या वायफायचें नांव यादींत दिसणारच नाहीं. कार्ड यूएसबीचें असल्यास तें यूएसबी ३ च्या साधनांपासून दूर ठेवावें, त्यांच्यामुळें २.४ च्या पट्ट्यांत गोंगाट माजतो.

(३) संगणकाला कार्ड दिसतें काय? विंडोजमध्यें 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून 'नेटवर्क अडॅप्टर्स' या सदरांत पाहावें. नांवावर खालीं वळलेला बाण असेल, तर कार्ड केवळ बंद केलेलें आहे; 'एनेबल' म्हणावें. पिवळा त्रिकोण असेल, किंवा 'अदर डिव्हायसेस' खालीं 'नेटवर्क कंट्रोलर' असें लिहिलेलें असेल, तर बहुधा ड्रायव्हर बिघडला आहे किंवा मुळींच नाहीं. नुकत्याच झालेल्या अपडेटनंतर बिघाड झाला असल्यास 'रोल बॅक ड्रायव्हर' करून पूर्वीचा परत आणावा. नवा उतरवून घ्यावयाचा तर जाळें हवें, आणि जाळेंच नाहीं, अशी अडचण पडते; अशा वेळीं मोबाइल यूएसबी तारेनें जोडून 'टेदरिंग' चालू करावें. मुदतीचा अर्जहि त्याच वाटेनें आधीं भरून टाकावा व दुरुस्ती मागाहून सावकाश करावी.

नांवच नसेल, तर संगणक बंद करून वीजेची तार काढावी, पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगांतील स्थिर वीज जाऊं द्यावी, कार्ड काढून खांचेंतील धूळ झटकावी व तें पुन्हां नीट दाबून बसवावें.

(४) जोडलें जातें, पण काम होत नाहीं. काळ्या खिडकींत 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा द्यावी. पत्ता १६९.२५४ नें सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाहीं. तें जाळें 'फर्गेट' करून परवलीचा शब्द पुन्हां घालावा. थोड्या थोड्या वेळानें जोड तुटत असेल, तर कार्डाच्या 'पॉवर मॅनेजमेंट' मधील वीज वाचविण्यासाठीं कार्ड बंद करण्याची परवानगी काढून घ्यावी. तारीखहि पाहावी. आंतील नाण्याएवढी बॅटरी संपली असतां वीज गेल्याबरोबर घड्याळ मागील सालांत जातें, आणि मग कार्ड ठीक असूनहि सुरक्षित संकेतस्थळें उघडत नाहींत. नवें कार्ड घेऊनहि हा दोष जाणार नाहीं. बॅटरीच बदलली पाहिजे.

इतकें करूनहि गुण आला नाहीं, तर कार्ड शेजाऱ्याच्या संगणकांत घालून पाहावें. तेथेंहि तें दिसलें नाहीं, तरच नवें घ्यावें. आणि राउटर त्याच खोलींत असेल, तर नव्या कार्डापेक्षां साधी तारच ओढावी. टेबलावरचा संगणक जागचा हलत नाहीं. त्याला तारेची अडचण ती कसली?