पहिल्या ध्वनिमुद्रिकेविषयी श्रोत्यांचे अभिप्राय : एक पद्धतिविषयक टिपण

एखाद्या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली म्हणजे तिच्याविषयी श्रोत्यांना काय वाटले हे जाणून घेण्याची इच्छा संगीताच्या अभ्यासकास होणे स्वाभाविक आहे. अभिप्राय गोळा करावे, अनुकूल व प्रतिकूल असे त्यांचे वर्ग पाडावे आणि कोणत्या बाजूस वजन अधिक ते सांगावे, अशी रीत आपल्याकडे रूढ होऊ पाहत आहे. ही रीत सदोष आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत झाले आहे; आणि ते पुस्तकांवरून नव्हे, तर स्वतःच्या हातून घडलेल्या एका चुकीवरून झाले आहे.

ज्या रचनेवरून ही चूक घडली तिचा परिचय प्रथम करून देणे अवश्य आहे. 'कोशिश' हा मुंबईचा वाद्यवृंद. त्याची 'फिरदौस' नावाची पहिली ध्वनिमुद्रिका २०१३ साली प्रसिद्ध झाली. तिची भाषा हिंदी आणि संगीताची जात प्रोग्रेसिव्ह रॉक. साठीच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडात उदयास आलेल्या या प्रकाराची लक्षणे थोडक्यात सांगावयाची तर अशी : तीन-चार मिनिटांच्या गीताची चौकट मोडून केलेल्या लांब व अनेकखंडी रचना, मध्येच बदलणारी मात्रासंख्या, आणि पुष्कळदा संपूर्ण ध्वनिमुद्रिकेतून ओवलेले एकच कथासूत्र. सात मात्रांचे आपल्या श्रोत्यास नवल वाटत नाही. रूपक त्याच्या कानावरून रोज जात असतो. त्याला अडखळावयास होते ते दुसऱ्याच कारणाने. येथे सात मात्रांवरून आठांवर किंवा पाचांवर जाताना सम पुढे येऊन तशी सूचना देत नाही. ठेका धरून बसलेला हात हवेतच राहतो.

'फिरदौस'चा विशेष याहून निराळा आहे. तिच्यातील गीते मिळून एक कथा होते. परंतु ज्या क्रमाने ती ध्वनिमुद्रिकेवर आली आहेत तो कथेचा क्रम नव्हे. तो मुद्दाम विसकटलेला आहे. गीतांचे शब्द आणि सोबतची चित्रे यांतील खुणा जुळवून खरा क्रम श्रोत्याने स्वतः शोधावयाचा, अशी योजना कर्त्यांनी केली. शब्दकोडे सोडविण्यासारखा हा प्रकार काहींना पोरकट वाटेल. मलाही आरंभी तसाच वाटला होता.

आता चुकीविषयी. सरावली हे पालघर तालुक्यातील बोईसरला लागून असलेले गाव. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीमुळे तेथे अनेक प्रांतांची माणसे येऊन राहिली आहेत. तेथून मुंबईस शिकावयास येणारा एक विद्यार्थी व पालघरची एक विद्यार्थिनी या दोघांना मी या ध्वनिमुद्रिकेवर लेखी अभिप्राय देण्यास सांगितले. विद्यार्थ्याने लिहिले की, रचना तुटक आहे, एका गीताचा पुढच्याशी संबंध लागत नाही, कर्त्यांना एकसंध कृती साधलेली नाही. विद्यार्थिनीने लिहिले की, एकसंधता हाच या कृतीचा मोठा गुण आहे. मी दोन्ही कागद समोरासमोर ठेवले आणि वर्गात सांगितले की, रुचिभेद म्हणतात तो हा; एकाच कृतीवर दोन सुशिक्षित कानांनी दिलेली ही परस्परविरोधी साक्ष पाहा. विद्यार्थी खाली मान घालून बसला होता. तास संपल्यावर तो एवढेच म्हणाला, "सर, मी ती ज्या ओळीने आली त्याच ओळीने ऐकली. तिने आधी ओळ लावून घेतली होती." येथे रुचिभेद मुळीच नव्हता. दोघांनी दोन निराळ्या कृती ऐकल्या होत्या आणि दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे होते. त्याला मात्र वर्गासमोर अरसिक ठरविण्याचे काम मी करून बसलो होतो.

पुढे चौकशी करता आणखी एक गोष्ट कळली. हे ऐकणे त्याने गाडीत केले होते. एप्रिल २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत उपनगरी गाड्या धावू लागल्या आणि या पट्ट्यातील विद्यार्थ्यांचे जाणे-येणे वाढले. त्यांचे बरेचसे संगीतश्रवण आता बोईसर व विरार यांच्या दरम्यान, कानात गोळे घालून, उभ्याने होत असते. सफाळ्याच्या पुढे गाडी वैतरणेच्या पुलांवर आली म्हणजे लोखंडाचा जो खडखडाट होतो त्यात हळू वाजविलेले काहीही ऐकू येत नाही. या जातीच्या संगीतात मंद व प्रचंड यांतील अंतर हेच रचनेचे एक साधन असते. मंद भाग पुलाने गिळला की उरते ते केवळ प्रचंड. आणि मग 'फार गोंगाट आहे' हा अभिप्राय ध्वनिमुद्रिकेविषयी आहे की वैतरणेच्या पुलाविषयी, हे केवळ कागदावरून ठरविता येत नाही.

अभिप्राय हा कृतीचा गुण सांगत नाही, तर एका विशिष्ट श्रवणाचा वृत्तांत सांगतो, असे म्हटले तर ही अडचण पुष्कळशी उलगडते. हे लक्षात न घेतल्यामुळे किती घोटाळे होतात याची उदाहरणे प्रोग्रेसिव्ह रॉकच्या आरंभकाळातच सापडतात. मार्च १९६९ मध्ये 'जेनेसिस' या इंग्लिश वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्या नावात बायबलमधील पहिल्या व शेवटच्या ग्रंथांची नावे असल्यामुळे काही दुकानदारांनी ती धार्मिक संगीताच्या फळीवर नेऊन ठेवली, असे सांगतात. ती फारच थोडी खपली. जो श्रोता भजनांच्या शोधात आला आणि हाती ही पडली, त्याच्या निराशेस संगीतविषयक अभिप्राय म्हणावयाचे काय?

त्याच वर्षीच्या १० ऑक्टोबर रोजी 'किंग क्रिम्सन'ची पहिली ध्वनिमुद्रिका 'इन द कोर्ट ऑफ द क्रिम्सन किंग' प्रसिद्ध झाली. हिची हकीकत अधिक बोधप्रद आहे. तिच्या आधी तीन महिने, ५ जुलै रोजी, लंडनच्या हाइड पार्कमध्ये 'रोलिंग स्टोन्स'च्या कार्यक्रमापूर्वी या वाद्यवृंदाने प्रचंड समुदायासमोर वादन केले होते. म्हणजे पहिल्या ग्राहकांपैकी कित्येकांनी हे संगीत मैदानात आधी ऐकले होते आणि घरी आणलेली तबकडी ते त्या आठवणीशी ताडून पाहत होते. ज्यांनी ते मैदान पाहिले नव्हते त्यांच्यापुढे ही तुलनाच नव्हती. पीट टाउनशेंड या नामांकित गिटारवादकाने तिची मुक्तकंठाने स्तुती केली व ती स्तुती जाहिरातीत छापली गेली. उलट अमेरिकेतील समीक्षक रॉबर्ट ख्रिस्टगौ यांनी तिला खोट्या मालात जमा केले. ग्राहकांनी मात्र ती इंग्लंडात विक्रीच्या यादीत पाचव्या स्थानापर्यंत नेली. यांतील जाहिरातीत छापलेल्या स्तुतीविषयी एक शंका काढावीशी वाटते. ती वाचून मग ज्याने ध्वनिमुद्रिका ऐकली त्याचा अभिप्राय कितपत त्याचा स्वतःचा? आपल्याकडील प्रश्नावल्यांत हा प्रश्न मला क्वचितच आढळला आहे.

या ध्वनिमुद्रिकेत पाचच रचना आहेत. त्यांपैकी 'मूनचाइल्ड' ही बारा मिनिटांहून अधिक चालते. आरंभीचे गीत संपल्यावर तीत जे येते ते आधी न ठरविता केलेले, अत्यंत हळुवार, जवळजवळ निःशब्दतेच्या कडेने चाललेले वादन होय. श्रोत्यांत सर्वांत तीव्र मतभेद आहे तो येथे. कित्येकांना हा भाग निव्वळ कालापव्यय वाटतो. काहींना तोच सर्वांत धाडसाचा वाटतो. आलापीची सवय असलेल्या आपल्या श्रोत्याने येथे न कंटाळता बसावे अशी माझी अपेक्षा होती. ती फोल ठरली, आणि त्याचे कारण विचारांती ध्यानात आले. आलाप कोठे जाणार आहे हे रसिकास ठाऊक असते. षड्जाचे घर मागे उभे असते. येथे ते घरच नाही.

अभिप्राय काळानुसार बदलतात हे सर्वजण सांगतात. कशामुळे बदलतात याकडे मात्र दुर्लक्ष होते. 'किंग क्रिम्सन'च्या बाबतीत एक कारण स्पष्ट दाखविता येते. १९६९ संपण्यापूर्वीच इयन मॅकडॉनल्ड व मायकेल जाइल्स हे दोन प्रमुख वादक बाहेर पडले. मेलोट्रॉन नावाच्या वाद्यातून, म्हणजे प्रत्येक पट्टीमागे स्वर मुद्रित केलेली फीत असलेल्या पेटीतून, निघणारे ते विशाल व काहीसे करुण तंतुनाद मॅकडॉनल्डच्या हातचे होते. यानंतर पहिली ध्वनिमुद्रिका ही त्या मूळ मंडळीची एकुलती एक खूण ठरली. पुढील श्रोता ती ऐकतो तेव्हा जे पुन्हा होणार नव्हते ते ऐकत असतो. ऑक्टोबर १९६९ मधील श्रोत्यास हे ठाऊक असणे शक्य नव्हते. त्याच्या लेखी तो आरंभ होता.

मराठी वाचकास या विषयात हाताशी असलेले एक उत्तम साधन म्हणजे वामनराव देशपांडे यांचा 'घरंदाज गायकी' हा १९६१ चा ग्रंथ. स्वर आणि लय हे दोन ध्रुव मानून किराणा घराणे स्वराच्या टोकास, आग्रा लयीच्या टोकास व जयपूर मध्याच्या जवळ, अशी मांडणी त्यांनी केली. ती गायकांसाठी होती. परंतु श्रोत्यांनाही ती लावून पाहावी असे सुचवावेसे वाटते. प्रोग्रेसिव्ह रॉकचे श्रोतेही असेच वाटले गेले आहेत. एकजण तंतुनादाच्या, कंठाच्या, रंगाच्या मागे जातो. दुसरा मात्रा मोजतो. 'फिरदौस'विषयी बोलताना हे दोघे परस्परांशी वाद घालीत असल्याचा भास होतो, पण वस्तुतः ते निरनिराळ्या अंगांविषयी बोलत असतात. तिसरा एक वर्ग येथे अधिक धरावा लागेल, तो शब्दांचा. मुंबईच्या रॉक संगीताची भाषा दीर्घकाळ इंग्रजी होती. 'रॉक मशीन'ची १९८८ ची पहिली ध्वनिमुद्रिकाही इंग्रजीच होती. भाषा हिंदी झाली की शब्दांकडून अपेक्षा वाढते. सरावलीसारख्या ठिकाणी ज्याच्या घरी भोजपुरी किंवा उर्दू बोलली जाते त्यास 'फिरदौस' म्हणजे स्वर्ग हे सांगावे लागणार नाही. मराठी घरातील मुलास कदाचित सांगावे लागेल. कथेचा क्रम जर शब्दांतील खुणांवरून लावावयाचा असेल, तर हा भेद क्षुल्लक नाही.

सरावलीचा उल्लेख केवळ विद्यार्थ्यामुळे आला असे नाही. त्या परिसरात श्रोत्याच्या अभिप्रायाची एक सर्वस्वी निराळी व्यवस्था नांदत आली आहे, आणि तिच्याशी तुलना केल्यावाचून ध्वनिमुद्रिकेच्या श्रोत्याची अडचण नीट कळत नाही. वारली समाजाचा तारपा भोपळा, बांबू व ताडाचे पान यांपासून केलेला असतो. वादक नाकाने श्वास घेत असतानाच गालांतील हवेने फुंक चालू ठेवतो, त्यामुळे नाद खंडत नाही. नाचणारे हातात हात गुंफून त्याच्याभोवती फिरतात. त्याने चाल बदलली की पावले बदलतात. येथे ऐकणे आणि अभिप्राय देणे या दोन क्रिया नाहीतच. चाल जमली नाही तर फेर सैल पडतो, आणि तारपकऱ्यास तो तत्क्षणी दिसतो. बैठकीतील दादही याच जातीची. समेवर आलेला 'वा' हा गायकाच्या पुढच्या आवर्तनास लागू पडतो. ध्वनिमुद्रिकेचा श्रोता मात्र एकटा असतो. त्याची दाद कोणापर्यंत पोहोचत नाही, कृती त्यामुळे बदलत नाही, आणि म्हणून त्याला ती नंतर शब्दांत मांडावी लागते. शब्दांत मांडताना तो पुष्कळदा ऐकलेले न सांगता ऐकावयास हवे होते ते सांगतो.

या दृष्टीने पाहता 'फिरदौस'चा जो क्रमभंग मला पोरकट वाटला होता त्याचा निराळा अर्थ लागतो. तबकडीने श्रोत्याच्या हातून जे काढून घेतले होते त्यांतील थोडेसे कर्त्यांनी त्यास परत देऊ केले. कृती कोणत्या ओळीने घडावी हे तो ठरवितो. फेर धरणाऱ्याइतके नव्हे, पण निदान काही अंशी. यामुळे अभ्यासकाचे काम सोपे झाले नाही. आता प्रत्येक अभिप्रायामागे कोणता क्रम होता, तो श्रोत्याने स्वतः लावला की मित्राकडून तयार घेतला, ऐकणे कितव्यांदा होते व कोठे झाले, आधी काय वाचले वा ऐकले होते, इतके टिपल्यावाचून कागद बाजूस ठेवावा लागेल. असे केले तर हाती फार थोडे कागद उरतील ही तक्रार खरी आहे. प्रस्तुत लेखकास ते थोडे कागद चालतील.

त्या विद्यार्थ्याची मी पुढील तासास वर्गासमोर क्षमा मागितली, व ध्वनिमुद्रिका खोलीत बसून, क्रम लावून, पुन्हा ऐकण्यास सांगितले. त्याने तसे केले. नवा कागद पहिल्याहून बराच मोठा आहे. कथा आता कळते, असे त्यात लिहिले आहे. मंद भाग प्रथमच ऐकू आले, असेही लिहिले आहे. शेवटी मात्र त्याने नोंदविले आहे की, विसकटलेल्या क्रमातील पहिले श्रवणच आपल्याला अधिक आवडले होते. कारण तेव्हा पुढे काय येणार हे मुळीच कळत नव्हते. दोन्ही कागद मी एकत्र टाचून विभागाच्या संग्रहात ठेवले आहेत.