कात्री एकच, आजार मात्र उलटे: धनुर्वात आणि बोट्युलिझम

धनुर्वाताच्या पेशंटचं शरीर धनुष्यासारखं ताणलं जातं, नावातच ते आलंय. बोट्युलिझममध्ये बरोबर उलटं होतं. पापण्या मिटायला लागतात, बोलणं जड होतं, मान पडते आणि शेवटी श्वासाचे स्नायूही ढिले पडतात. शुद्ध मात्र शाबूत असते. पेशंटला सगळं कळत असतं, हलता येत नसतं.

नेट-सेटच्या तयारीत आपण 'टिटॅनस म्हणजे ताठरपणा, बोट्युलिनम म्हणजे लुळेपणा' एवढं पाठ करून टाकतो. पण टिटॅनसचं विष आणि बोट्युलिनमचं बी प्रकारचं विष ही दोन्ही चेतापेशीतलं एकच प्रोटीन कापतात, तेही अगदी एकाच जागी. मग परिणाम उलटे कसे? पाठांतर इथे संपतं आणि संशोधन सुरू होतं.

आधी नेहमीचं काम बघू

चेतातंतूच्या टोकाशी इवल्याशा पिशव्या असतात, त्यांना व्हेसिकल म्हणतात. त्यांत रासायनिक निरोप भरलेला असतो. स्नायूकडे जाणाऱ्या चेतापेशीत हा निरोप म्हणजे ॲसिटिलकोलीन. विद्युतसंदेश टोकापर्यंत आला की कॅल्शियम आत शिरतं, पिशवी पेशीपटलाला चिकटून एकरूप होते आणि निरोप बाहेर पडतो.

पिशवी पटलाजवळ ओढण्याचं काम स्नेअर प्रोटीन करतात. पिशवीवर सिनॅप्टोब्रेव्हिन असतं, पटलावर सिंटॅक्सिन आणि स्नॅप-२५. ही तिघं दोरीच्या पेडांसारखी एकमेकांत पिळली जातात आणि त्या पिळाच्या जोरावर दोन पटलं एकत्र येतात. पेड कापला की दोरी वळली जात नाही.

अडथळा नेमका कुठे?

स्नायू हलत नाही, एवढंच तुम्हाला दिसतंय असं समजा. कारणं चार असू शकतात: संदेश टोकापर्यंत पोचत नाही, पोचतो पण निरोप सुटत नाही, निरोप सुटतो पण स्नायूला तो कळत नाही, किंवा स्नायूच निकामी झालाय.

१९४९ मध्ये बर्गेन, डिकन्स आणि झॅटमन यांनी रॅटच्या श्वासपटलाचा स्नायू त्याच्या चेतातंतूसकट बाहेर काढून हेच तपासलं. बोट्युलिनमचं विष दिल्यावरही स्नायूला थेट विजेचा झटका दिला तर तो आकसत होता. बाहेरून ॲसिटिलकोलीन दिलं तरी प्रतिसाद मिळत होता. पण चेतातंतू उद्दीपित केला की बाहेर पडणारं ॲसिटिलकोलीन खूप घटलेलं होतं. म्हणजे बिघाड निरोप सुटण्याच्या पायरीवर.

लक्षात घ्या, तेव्हा स्नेअर प्रोटीन कुणालाच माहीत नव्हते. रेणू ठाऊक नसतानाही पायरी पक्की करता येते. तुमच्या प्रस्तावात 'यंत्रणा शोधणार' असं मोघम लिहिण्याऐवजी 'या चार शक्यतांपैकी तीन कशा बाद करणार' हे लिहा.

कात्री सापडली

ही विषं साधारण १५० किलोडाल्टनची प्रोटीन असतात. १०० चा भाग 'जड साखळी' आणि ५० चा 'हलकी साखळी', दोन्ही डायसल्फाइड बंधाने जोडलेल्या. जड साखळी चेतापेशीला चिकटते. पेशी विषाला कप्प्यात घेऊन गिळते. कप्पा आम्लधर्मी झाला की जड साखळी हलक्या साखळीला पेशीद्रवात सोडते. खरी कात्री ही हलकी साखळी: जस्तावर चालणारा, प्रोटीन कापणारा एन्झाइम.

१९९२ मध्ये इटलीतल्या पाडोवाच्या स्कियावो, माँटेकुको आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की टिटॅनस आणि बोट्युलिनम-बी सिनॅप्टोब्रेव्हिन कापतात, ७६ व्या ग्लुटामिन आणि ७७ व्या फेनिलॲलनिनच्या मधे. पुढच्या वर्षी कळलं की बोट्युलिनम-ए स्नॅप-२५ कापतं. २०६ अमिनो आम्लांपैकी शेवटची फक्त ९ जातात, आणि तेवढ्यानं काम अडतं. एन्झाइम असल्यामुळे एक रेणू कापत सुटतो, म्हणूनच अत्यल्प मात्रा पुरते.

मग परिणाम उलटे का?

पत्ता वेगळा म्हणून. बोट्युलिनम मुख्यतः चेता-स्नायू जोडाशीच थांबतं. ॲसिटिलकोलीन अडलं की स्नायू लुळा. टिटॅनस मात्र त्याच चेतातंतूतून उलट्या दिशेने मज्जारज्जूपर्यंत जातं, तिथे बाहेर पडून शेजारच्या रोधक चेतापेशीत शिरतं आणि तिचे ग्लायसिन व गाबा हे निरोप अडवतं. या पेशी म्हणजे स्नायूंचा ब्रेक. ब्रेक गेला की स्नायू आकसलेलेच राहतात. कुठला रेणू कापला यावरून आजार ठरला नाही. कुठल्या पेशीत कापला यावरून ठरला.

उपचाराला वेळेची घाई का?

प्रतिविष रक्तातलं मोकळं विष पकडतं. चेतापेशीत शिरलेल्या हलक्या साखळीपर्यंत ते पोचत नाही. त्यामुळे निदानात गेलेला प्रत्येक तास महाग पडतो. एकदा आत शिरलं की व्हेंटिलेटरवर आठवडे, कधी महिने काढावे लागतात.

त्यापेक्षा विष येण्याआधीच रक्तात प्रतिपिंडं तयार असलेली बरी. टिटॅनसची लस हेच करते. गरोदरपणातली लस, दवाखान्यातली प्रसूती आणि नाळेची स्वच्छता यांच्या जोरावर भारतात माता आणि नवजातांचा धनुर्वात आटोक्यात आल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. आणि घरात तान्हं बाळ असेल तर एक गोष्ट सांगून ठेवा: वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, घुटीतसुद्धा नाही. मधात बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात आणि बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करू शकतात.

वहीत सोडवून बघा

चेताटोकात कॅल्शियम मुद्दाम वाढवलं तर बोट्युलिनम-ए ने अडवलेला निरोप थोडाफार पुन्हा सुटायला लागतो. टिटॅनस किंवा बोट्युलिनम-बी च्या बाबतीत हा परिणाम फारच कमी दिसतो. का? कोणत्या प्रोटीनचा किती तुकडा गेलाय आणि उरलेल्यातून दोरी वळता येईल का, इथून सुरुवात करा. उत्तर शोधण्याआधी ते तपासणारा प्रयोग लिहा, कंट्रोलसकट.