न चुकलेले रोजे

रेडिओवर या विषयावर बोलाल का, असं विचारलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. आमच्या घरात या गोष्टीला नावच नव्हतं. शेजारच्या काकूंकडे ‘कावळा शिवला’ म्हणत, आमच्याकडे ‘नमाज नाही’ म्हणत. शब्द टाळण्यात दोन्ही घरं सारखीच पटाईत. मग १९९३ सालची गोष्ट आठवली आणि हो म्हटलं.

त्या जानेवारीत मुंबईत दंगल पेटली तेव्हा मी बीएच्या शेवटच्या वर्षाला होते. मामूंच्या एका खोलीत आम्ही सात जण आठवडाभर दिवे मालवून बसलो होतो. जिन्यावर पावलं वाजली की मामी धाकट्याच्या तोंडावर हात धरायची. आमच्यापैकी कुणाला साधा ओरखडाही आला नाही. मग गाडी मिळाली तशी मी कोकणात गावी आले.

फेब्रुवारीच्या अखेरीला रमजान लागला. पाळीच्या दिवसांत बाईने रोजा ठेवायचा नसतो. राहिलेले रोजे नंतर भरून काढायचे. त्यामुळे कुणाची पाळी कधी, हे घरातल्या बायकांना न सांगता कळतं. ईदच्या आदल्या रात्री शेवया भाजता भाजता अम्मीने विचारलं, “यंदा तुझा एकही रोजा चुकला नाही?” हातातलं उलथणं थांबलं होतं. मला प्रश्न कळला. त्यामागचा दुसरा, न विचारलेला प्रश्नही कळला आणि तोच जास्त लागला.

तालुक्याच्या पहिल्या डॉक्टरांनी ‘लग्न झालंय का’ एवढंच विचारलं आणि माझ्याकडे न बघता लघवीची तपासणी लिहून दिली. (तपासणी योग्यच होती, हे आज कळतं. न बघणं योग्य नव्हतं.) ती तपासणी निर्दोष आली. दुसऱ्या डॉक्टर बाईंनी तो कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, “जानेवारीत कुठे होतीस?”

त्यांनी सांगितलं ते पुढे वाचनाने नीट उमगलं. पाळीचा हुकूम गर्भाशयातून सुटत नाही, डोक्यातून सुटतो. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे. तो जीएनआरएच हे संप्रेरक ठोक्याठोक्याने सोडतो. स्त्रीबीज पिकत असतं त्या दिवसांत साधारण तास-दीड तासाला एक ठोका. ते ऐकून पीयूषिका ग्रंथी बीजकोशाला निरोप धाडते, बीज पिकतं, इस्ट्रोजेन वाढतं, गर्भाशयाचं अस्तर तयार होतं. गंमत अशी, की इथे नुसता पुरवठा असून भागत नाही, लय लागते. अमेरिकेत अर्न्स्ट नोबिल आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली माकडिणींवरच्या प्रयोगांतून हे दाखवलं. तासातासाने संप्रेरक दिलं तर यंत्रणा चालली. तेच अखंड धारेने दिलं तर बंद पडली. माझ्यासारख्या कविता लिहिणारीला हे पटायला वेळ लागला नाही.

धोका जाणवला की हाच हायपोथॅलॅमस दुसरं काम हाती घेतो. त्याच्या इशाऱ्यावर मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात, शरीर जीव वाचवण्याच्या तयारीला लागतं आणि जीएनआरएचचे ठोके मंदावतात. थोडे मंदावले तर बीज उशिरा सुटतं. बीज सुटल्यापासून पाळीपर्यंतचे सुमारे दोन आठवडे फारसे हलत नाहीत. परीक्षेच्या महिन्यात पाळी लांबते ती बहुधा आधीच्या टप्प्यात. ठोके फारच मंदावले तर पाळी येतच नाही. काहींना उलट जास्त जाते, जास्त दुखते.

दुसऱ्या महायुद्धात हाँगकाँगच्या स्टॅन्ली छावणीत डांबलेल्या स्त्रियांविषयी डॉ. ॲनी सिडनहॅम यांनी १९४६ साली लिहिलं. उपासमार अंगाला भिडण्याआधीच कित्येकींची पाळी थांबली होती. युरोपातल्या छळछावण्यांत बायकांना वाटे, आपल्या सूपमध्ये काहीतरी मिसळतात. उपासमार तिथेही होतीच, आणि उपासमारही हेच ठोके मंदावते. माझं म्हणाल, तर रोजे लागायच्या आधीच दोन महिने कोरडे गेले होते.

आता एक इशारा. सगळं ताणावर ढकलू नये. पाळी तीन महिने आली नाही, तर आधी गर्भधारणा, मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन, पीसीओएस हे तपासायलाच हवं. फार कमी खाणं, फार व्यायाम यांनीही असंच होतं. ‘बरं झालं, कटकट गेली’ असंही म्हणू नये; इस्ट्रोजेन बराच काळ कमी राहिलं तर हाडं ठिसूळ होतात. आणि ‘मनाचे खेळ आहेत’ हे वाक्य तर डॉक्टरांनी विसरूनच जावं. संप्रेरकं रक्तात मोजता येतात.

उपाय? सारा बर्गा या डॉक्टरांनी २००३ साली एक छोटा प्रयोग मांडला. ताणामुळे पाळी थांबलेल्या स्त्रियांना गोळ्या न देता, विचारांची आणि सवयींची घडी बदलण्यासाठी काही महिने समुपदेशन दिलं. बहुतेकींचे बीजकोश पुन्हा कामाला लागले. आमच्या बाईंना १९९३ साली हे कुठून ठाऊक असणार? त्या फक्त दर बुधवारी बोलवायच्या आणि विचारायच्या, “मग, पुढे काय झालं?” जिन्यावरची पावलं मी पहिल्यांदा त्यांना सांगितली. अम्मी बाहेर बाकावर बसलेली असायची. दार लोटलेलं असायचं, पण पातळ होतं.

मेच्या अखेरीला एका दुपारी मी अम्मीला म्हटलं, “आज नमाज नाही.” ती काही बोलली नाही. जेवताना माझ्या ताटात दोन बांगडे जास्त होते.